शेचाळीस नांग्या

चतुराबाईचं कोणाशी पटलं, असं गावात एकही उदाहरण नव्हतं. सून दीड वर्षात वेगळी निघाली. शेजारणीनं मधली भिंत स्वतःच्या खर्चानं वीतभर उंच करून घेतली. नवरा डोमाजी सकाळी बकऱ्या घेऊन नाल्याकडे जायचा तो दिवेलागणीशिवाय घरी फिरकायचा नाही, आणि त्याचं कारण बकऱ्या नव्हत्या. बाई बोलायला लागली की समोरच्याला आपली चप्पल कुठे काढली ते आठवायला लागायचं.

तरीही पेरणीच्या दिवसांत मजुरीचा पहिला निरोप तिच्याच दाराशी यायचा. कारण तिचा हात. चतुराबाईनं सरकी टोबली, एकेक बी बोटानं मातीत दाबलं, की तास, म्हणजे पेरणीची ओळ, असं सरळ उतरायचं की बांधाच्या धुऱ्यावर उभ्या माणसानं एक डोळा मिटून पाहावं आणि गुमान घरी जावं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वावरं पेरली तिनं, स्वतःची वीतभर जमीन नसताना. तिला तोंडाळ म्हणा, भांडकुदळ म्हणा, कजाग म्हणा. ती मान हलवून कबूल करायची. वाकड्या हाताची मात्र तिला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. तेवढी एक गोष्ट तिच्यापाशी होती आणि तिचा तिला फार अभिमान होता.

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की हमरस्त्याला लागून एका खाजगी संस्थेचं संशोधनाचं वावर होतं. तारेचं कुंपण, फाटकावर चौकीदार आणि आत डॉक्टर भगवंतरावांचं काचेचं ऑफिस. हे डॉक्टर नाडी बघणारे नव्हते. कपाशीवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले. बुटाला चिखल लागू नये म्हणून ते वावराकडे ऑफिसच्या खिडकीतूनच बघायचे. गावातल्या आठ बाया त्यांच्याकडे रोजानं जायच्या. चतुराबाई त्यांतली म्होरकी, आणि तिच्या मागं सावलीसारखी माणिकबाई, जी चतुराबाईच्या शिव्या खाऊनही तिच्याच शेजारचं तास धरायची.

साल दोन हजार अठरा. आदल्या हंगामात बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशीची पऱ्हाटी आतून पोखरून टाकली होती. बाजारात बोगस बियाण्यांच्या थैल्या मोकाट फिरत होत्या. थैलीवर उगवणीचा आकडा मोठा छापलेला, आणि वावरात मात्र काळी माती उघडीच्या उघडी. दर्यापूरकडच्या एका वावरात चतुराबाईनं एकाच थैलीतली सरकी तीनदा टोबली होती आणि तिन्ही वेळा काही वर आलं नव्हतं. चौथ्यांदा तिनं ती थैली मालकाच्या अंगावर फेकली होती. बिचाऱ्या मालकाचा त्यात काही दोष नव्हता, पण थैलीवाला काही समोर नव्हता.

अशा साली डॉक्टरांकडे आभाळातून सरकी आली. खरोखर आभाळातून. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात ती सात महिने राहून आली होती. तिथे वजन नसतं, वरून किरणांचा मारा असतो. एवढं सोसून आलेल्या बियाचं जमिनीत काय होतं, ते पाहायचं होतं. परदेशातल्या एका संस्थेनं ती जगातल्या अकरा ठिकाणी मूठ मूठ वाटली. अट एकच घातली. जे दिसेल ते सगळं उघड्यावर मांडायचं. किती उगवलं, किती मेलं, पानं किती, उंची किती, दर आठवड्याचे फोटो, सगळं एका जागी ठेवायचं, आणि जगातल्या कोणीही ते बघावं, तपासावं, वापरावं. कोणाची परवानगी नको, कोणाला कुलूप नको.

ही अट डॉक्टरांना जिवावर आली होती. आपला आकडा दुसऱ्याला दाखवायचा म्हटलं की ते वहीच मिटून घ्यायचे. पण त्यांचा डोळा दुसरीकडे होता. त्यांनी एक तपकिरी द्रावण तयार केलं होतं, पेरणीआधी बी त्यात बुडवायचं, म्हणजे कमजोर बीही उगवतं म्हणे. अंजनगाव सुर्जीचे कृषी केंद्रवाले गोवर्धनशेठ ते बाटलीत भरून विकायला तयार बसले होते. आभाळातून थकून आलेली सरकी या द्रावणानं उगवली असं एकदा जगासमोर मांडलं गेलं, की बाटली वऱ्हाडभर खपणार होती. म्हणून डॉक्टरांनी अटीवर सही केली.

नोंदी ठेवायला गजाला होती. अचलपूरची. तिचे वडील नियाज परतवाड्याला गाद्या पिंजायचे. कापसाशी घराण्याचा संबंध तो एवढाच, वावरापर्यंत तो कधी पोचला नव्हता. पोरगी वनस्पतीशास्त्र शिकून एमएस्सी झाली आणि इथे कंत्राटावर लागली. हुशार, नेटकी आणि तोऱ्याची. या प्रयोगाच्या नोंदींवर तिचं नाव जाणार होतं, आणि त्या नावाच्या जोरावर तिला पुढे पीएचडीला जागा मिळणार होती. त्यामुळे ज्या पट्ट्यात ही सरकी पेरायची होती त्याभोवती ती अशी फिरायची की जणू जमिनीत सोनं पुरलंय.

टोबणीच्या दिवशीच दोघींची जुंपली. उत्तर-दक्षिण चार तासं, दर दोन फुटांवर गाठ मारलेली दोरी, आणि गजालानं द्रावणात बुडवून, मोजून दिलेल्या एकशेवीस बिया. शेजारी तेवढ्याच जागेत आभाळात न गेलेली, साधी एकशेवीस.

"एका जागी एकच बी?" चतुराबाईनं विचारलं.

"एकच."

"अन् नाई निंगालं त?"

"ते मी पाहून घेईन, मावशी. तुमी फक्त गाठीवर टोबा. अन् तासात पाय देऊ नका."

तासात पाय देऊ नका! चाळीस वर्षांत चतुराबाईला हे सांगायची हिंमत कोणी केली नव्हती. ती काही बोलली नाही, आणि माणिकबाई घाबरली, कारण चतुराबाई गप्प बसली की प्रकरण वाईट असायचं. काम झाल्यावर गजालानं पट्ट्याच्या तोंडाशी एक पाटी ठोकली. पाटी इंग्रजीत होती. आठ बायांपैकी एकीलाही ती वाचता येत नव्हती, आणि हे गजालाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गजाला तापानं फणफणली. टायफॉइड निघाला. खुर्शीदबी, तिची आई, तिला अचलपूरला घेऊन गेली. खांबावर बसवायचा कॅमेरा अजून खोक्यातच होता.

आठव्या दिवशी चतुराबाई निंदणाला गेली आणि त्या चार तासांपाशी थबकली. जागोजागी माती उघडी. पेरल्यावर जिथे बी वर येत नाही त्या रिकाम्या जागेला वऱ्हाडात नांगी म्हणतात, आणि नांगी दिसली की भरायची असते. हे कोणी कोणाला सांगत नाही. आठव्या दिवशी मूठभर सरकी ओच्यात घ्यायची, तासं धरून चालायचं, नांगी दिसली की बी टोबायचं. तिनं मोजल्या. शेचाळीस नांग्या. तिला त्या स्वतःच्या अंगावर थुंकल्यासारख्या वाटल्या. उद्या ती पोरगी येणार आणि म्हणणार, बाईनं बी नीट टोबलंच नाही.

वावरातल्या अवजारांच्या खोलीत डब्यात उरलेली साधी सरकी होती. चतुराबाईनं ती घेतली आणि शेचाळीसच्या शेचाळीस नांग्या भरल्या. शेजारच्या पट्ट्यात बारा होत्या, त्याही भरल्या. भरताना तिची एक रीत होती, सासूनं शिकवलेली. ज्या जागी एक बी मेलं त्याच जागी दुसरं घालायचं नाही; मेल्याला लागलेली कीड नव्याला लागते. चार बोटं उगवतीकडे सरकायचं आणि तिथे टोबायचं. तासातून चार बोटं बाहेर डोकावणारं झाड पाहिलं की जाणत्याला कळतं, ही भरलेली नांगी. पण तिथे जाणतं होतं कोण? एक पिंजाऱ्याची पोर आणि एक खिडकीतून शेती करणारे डॉक्टर.

गजाला तीन आठवड्यांनी अशक्त होऊन परत आली आणि आल्या आल्या मोजायला बसली. एकशेवीसपैकी एकशेसतरा! काही रोपं लहान होती, पण आभाळातून आलेलं बी मागेपुढे उगवणारच, असं तिनं वहीत लिहूनही टाकलं. तिनं पुन्हा मोजलं. मग ती उठली आणि डॉक्टरांच्या ऑफिसकडे अक्षरशः पळाली. डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा बुटाला चिखल लागू दिला. कॅमेरा खांबावर चढला. आकडे, फोटो, सगळं त्या उघड्या जागेवर गेलं, गजालाच्या नावासकट. इतर दहा ठिकाणी तीच सरकी शंभरात साठ-पासष्ट उगवली होती आणि इथे शंभरात साडेसत्त्याण्णव. गोवर्धनशेठनी फलक छापायला टाकला: 'आभाळातून आलेली सरकीसुद्धा उगवली. तुमची का नाही उगवणार?'

ऑगस्टच्या मध्यावर ब्राझीलमधल्या एका बाईचा प्रश्न आला. तीही कपाशीवर काम करणारी. तिच्याकडे शंभरात साठच उगवली होती आणि डॉक्टरांच्या द्रावणाचं तिला कौतुक वाटलं होतं, म्हणून ती इथले फोटो एकेक करून बघत बसली. प्रश्न साधा होता. तुमच्या फोटोत त्रेचाळीस झाडं ओळीच्या बाहेर आहेत. सगळी एकाच बाजूला, सगळी सारख्याच अंतरावर. असं का? प्रश्नही उघड्यावरच विचारलेला, म्हणजे तो सगळ्या जगानं वाचलेला. डॉक्टरांनी दोन दिवस काही खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चतुराबाईला ऑफिसात बोलावलं. गजाला कोपऱ्यात उभी होती. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"बाई, यावर सही करायची," डॉक्टर म्हणाले. "काही विशेष नाही. नियम म्हणून."

"वाचून दाखवा."

"अहो, काय वाचायचं त्यात!"

"सई माही हाय न? मंग वाचून दाखवा."

साक्षरतेच्या वर्गात ती आपलं नाव लिहायला शिकली होती आणि त्या पाच अक्षरांना ती फार जपायची. डॉक्टरांनी गजालाकडे बघितलं. गजालानं खाली मान घालून वाचलं: "पेरणीच्या वेळी मजूर चतुराबाई हिने निष्काळजीपणाने काही बी वाकडेतिकडे टोबले. त्यामुळे काही झाडे ओळीबाहेर आली आहेत."

चतुराबाईनं कागदावर बोट ठेवलं.

"वाकडं?" ती म्हणाली. "म्या वाकडं टोबलं?"

"तसं लिहावं लागतं, बाई."

"म्या वाकडं टोबलं!" आता आवाज काचेबाहेर गेला. वावरातल्या बाया उभ्या राहिल्या. "सायेब, चाळीस वर्सं झाले मले. माह्या तासाले आजलोक कोनी बोट लावलं नाई. थे झाडं बाहेर दिसून राह्यले नं, थ्या नांग्या हायेत! म्या भरलेल्या नांग्या! तुमच्या आभायातल्या सरकीतली शेचाळीस निंगालीच नाई, मेली मातीत. म्या तुमची लाज झाकली अन् तुमी मले वाकडी म्हनता?"

 गजालाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मनातल्या मनात एकशेसतरामधून वजाबाकी केली असावी.

डॉक्टर मात्र वजाबाकीच्या भानगडीत पडले नाहीत. ते उठले, दार लावलं आणि अगदी मऊ आवाजात बोलले. "बाई, हे तुम्ही बोललात ते या खोलीतच राहील. तुम्ही कागदावर सही करा. तुम्हाला मी बारमाही कामावर घेतो. माणिकबाईलाही. आणि नाही केली, तर प्रयोग बिघडवला म्हणून तुम्ही उद्यापासून बाहेर. बाकीच्या सातजणीही. पट्टाच बंद होईल, मग बाया कशाला लागतील? विचार करा."

हा माणूस तिच्या हाताला वाकडं म्हणत होता आणि वरून तिच्याच हातानं त्यावर सही मागत होता. चतुराबाईला त्याचा तिटकारा आला. तिनं कागद उचलला, चार घड्या घातल्या, ब्लाउजात खोचला आणि दार उघडून निघून आली.

बाहेर माणिकबाई धुऱ्यावर वाट बघत होती. दार लावलेलं असलं तरी ऑफिसची खिडकी उघडीच होती, आणि तिनं खाली उभं राहून सगळं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"कर न व सई," माणिकबाई म्हणाली. "वाकडं म्हनलं त काय अंगाले भोकं पडतेत? बारा मईने काम भेटून राह्यलं. माह्या घरी खानारे पाच तोंडं हायेत."

"तुह्या तोंडाइसाठी मी माहा हात कापून देऊ?"

"तुले हाताची पडली! आमच्या पोटाची नाई पडली तुले. कधीच नाई पडली." माणिकबाई असं कधी बोलली नव्हती. बाकीच्या सहाजणी तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एकही चतुराबाईच्या बाजूनं नव्हती.

चतुराबाई एकटीच पट्ट्याकडे गेली. मागून गजाला आली. डोळे लाल, आवाज चढलेला.

"तुमी हात काहून लावला त्या पट्ट्याले? कोनं सांगितलं होतं? माझं सगळं वाटोळं केलं तुमी! नोंदीवर माझं नाव आहे, तुमचं नाही!"

"नांगी दिसली म्हून भरली. तुह्या बापानं गादीत भोक पाह्यलं त शिवत नाई का?"

"पाटी लावली होती न तिथे! इतकी मोठी!"

"काय लिवलं हाय त्या पाटीवर?"

"मेलेल्या जागी नवं बी टाकू नये, कोणतंही झाड उपटू नये."

"कोन्या भाषेत?"

"इंग्रजीत," गजाला म्हणाली.

"म्या तुले इचारलं होतं, नाई निंगालं त काय कराचं. तू काय म्हनली? मी पाहून घेईन. पाह्यलं तू? तुह्या तोंडात जीभ नोती, एवढं म्हनाले का मावशी, नांग्या भरू नका? नुसतं एवढं म्हनली असती त म्या हात लावला नसता. मले का हौस हाय फुकटची कंबर मोडाची?"

  गजाला पाटीकडे बघत राहिली, जणू आता तरी ती मराठीत होईल.

"आता काय उपयोग," ती शेवटी म्हणाली. "कोणती आभाळातली अन् कोणती भरलेली, हे आता देवालाही सांगता येणार नाही. सगळा प्रयोग फेकून द्यावा लागणार."

"देवाचं नोको सांगू. दोरी आन."

गजालानं खोलीतून गाठींची दोरी आणली. दोघींनी ती पहिल्या तासावर ताणली. एकीनं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं, आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. चतुराबाई गाठीगाठीनं चालत सांगत गेली. "हे आभायातलं. हे बी. हे भरलेलं. मोज, चार बोटं. हे आभायातलं. हे भरलेलं." गजाला पट्टी लावून मोजत गेली आणि फरक कुठेच निघाला नाही. तिसऱ्या तासात एका रिकाम्या जागी चतुराबाई थांबली. "अठी बी म्या भरलं होतं. आलं नाई." गजालाचा विश्वास बसला नाही. तिनं गाठीपासून चार बोटं उगवतीकडे खुरप्यानं माती उकरली. सडलेली सरकी निघाली, आणि गाठीच्या बरोबर खाली दुसरी, आणखी जुनी. तशा तीन जागा चतुराबाईनं दाखवल्या आणि तिन्ही ठिकाणी दोन दोन बिया निघाल्या.

चार तासं संपली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आभाळातली खरी उगवलेली झाडं चौऱ्याहत्तर. शंभरात बासष्टच्या आत. जगात इतर दहा ठिकाणी जे आलं होतं तेच. द्रावणानं काहीच केलं नव्हतं. गोवर्धनशेठची बाटली म्हणजे नुसतं तपकिरी पाणी होतं, आणि ते दर्यापूरच्या त्या मालकासारख्या कोणाच्या तरी गळ्यात मारलं जाणार होतं. हे गजालाच्या तोंडून चतुराबाईला कळलं तेव्हा तिला स्वतःचीही चीड आली, कारण त्या आकड्यात तिच्या हातच्या त्रेचाळीस सरक्या होत्या.

"सांगशीन का नाई तू हे?" तिनं विचारलं.

"सांगीन," गजाला म्हणाली. आवाजात दम नव्हता.

तिनं सांगितलं, हे खरं. डॉक्टरांनी आधी आरडाओरडा केला, मग तिचं कंत्राट संपवण्याची धमकी दिली, मग जरा वेळ विचार केला. ब्राझीलची ती बाई काही प्रश्न मागे घेणार नव्हती, आणि झाडं फोटोत जगासमोर उभी होती. डॉक्टर मुरलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुरुस्ती सांगितली आणि गजालाच्या हातून ती उघड्या जागेवर चढवली: एका मजुराच्या अनधिकृत हस्तक्षेपामुळे उगवणीचा आकडा चुकीचा नोंदला गेला होता, आमच्या काटेकोर तपासणीत ही चूक उघडकीस आली. ब्राझीलच्या बाईनं आभार मानले. परदेशातल्या संस्थेनं डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि नागपूरच्या एका परिषदेनं त्यांना 'विज्ञानातील पारदर्शकता' या विषयावर बोलायला बोलावलं. ते गेलेही. शाल घेऊन आले.

चतुराबाईला फाटकावरच चौकीदारानं अडवलं. पट्टा वेळेआधी उपटून टाकला गेला आणि बाकीच्या सातजणींचंही काम बंद झालं. गावात तिच्याशी आधीही कोणी फारसं बोलत नव्हतं, पण आता विहिरीवर बाया तिची घागर बाजूला सारायच्या. माणिकबाई तिच्या दारावरून जाताना मुद्दाम थुंकायची. चतुराबाई दारातून तिला शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की घरात येऊन भिंतीला टेकून बसायची. तिला वाईट वाटत होतं. माणिकबाईचं फार वाईट वाटत होतं. ते तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नसतं.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला गजाला एसटीनं गावात उतरली आणि विचारत विचारत तिच्या दाराशी आली. चतुराबाईनं तिला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही.

"काहून आली?"

"दुरुस्ती झाली, ते सांगाले आली. आकडा बरोबर झाला, मावशी. चौऱ्याहत्तर. ती बाटली पण आता विकता नाही येणार. शेठनं फलक उतरवला."

"वाच काय लिवलं थे."

गजालानं मोबाइल काढला आणि मराठी करून वाचायला लागली. 'एका मजुराच्या' इथे ती अडखळली, पण वाचलं. 'अनधिकृत हस्तक्षेपामुळे.' तेही वाचलं. 'आमच्या काटेकोर तपासणीत.' इथे चतुराबाई उभी राहिली.

"कोनाच्या तपासनीत?"

गजालानं मोबाइल खाली केला.

"दोरी कोनं धरली होती? कोनतं झाड कोनतं, थे कोनं सांगतलं? तुह्या डॉक्टरनं? अन् अनधिकृत म्हंजे काय व? चोरी केली का म्या? तू हे तुह्या हातानं लिवलं?"

"सरांनी सांगितलं तसं लिहिलं."

"निंग अठून."

"मावशी, माझं कंत्राट..."

"निंग म्हनते न! त्यानं मले वाकडी म्हनलं, थो त हाय हरामखोर. तू त होती न तठी. तुले समदं मालूम होतं. तू त्याच्याहून बत्तर हायेस."

गजाला निघाली नाही. ती ओट्यावर बसली आणि रडायला लागली. चतुराबाईला रडणाऱ्या माणसाचा राग यायचा, तो आलाच. ती आत गेली, चुलीवरचं भांडं उगाच आदळलं, पुन्हा बाहेर आली. गजाला रडता रडता मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती. मग तिनं नाक पुसलं आणि वाचून दाखवलं.

"'शेतमजूर चतुराबाई यांनी वऱ्हाडातल्या रीतीप्रमाणे नांग्या भरल्या. त्या भरायच्या नाहीत, हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. सूचना इंग्रजीत होती. सांगण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पाळली नाही. भरलेलं प्रत्येक झाड त्यांनीच ओळखून दाखवलं. त्यांच्याशिवाय हा प्रयोग फेकून द्यावा लागला असता.' खाली माझं नाव."

चतुराबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती शब्द मोजत असल्यासारखी मान हलवत राहिली.

"टाकलं का?"

गजालानं एक बोट काचेवर दाबलं. तिचं कंत्राट त्या बोटाखाली होतं, पीएचडीची जागाही बहुतेक त्याच्याच खाली होती, आणि ते दोघींनाही कळत होतं.

"टाकलं."

"कोनाले दिसंन हे?"

"सगळ्याइले. जगात कोनालेही."

"डॉक्टरले?"

"त्याइले पण."

"थो खोडून टाकीन त?"

"नाही खोडता येत, मावशी. तिथे एकदा लिहिलं की ते राहते. नवं लिहिता येते, पण जुनं तसंच खाली दिसते. कोणी काय लिहिलं, कोणत्या दिवशी लिहिलं, सगळं." गजाला थांबली. मग खाली मान घालून म्हणाली, "म्हणजे ते आधीचं पण राहीन. ते मजुराचा हस्तक्षेप वगैरे. ते मी लिहिलेलं. ते मला काढता नाही येणार."

चतुराबाईनं ब्लाउजातून चार घड्यांचा तो कागद काढला. 'वाकडेतिकडे' लिहिलेला. घामानं त्याची शाई फुटली होती. तिनं तो उलगडून गजालापुढे धरला.

"मंग हे बी टाक तठी. याचा फोटो काढ."

"हे? पण यात तर तुमचीच बदनामी..."

"टाक. कोनं कोनावर काय ढकललं होतं, थे समद्याइले दिसलं पायजे."